जागतिकीकरणाचा अभ्यास सुरू करताना: पदवीच्या पहिल्या वर्षाचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पदवीच्या पहिल्या वर्षाला मी हा विषय शिकवते. अर्थशास्त्र, राज्यशास्त्र, इतिहास, समाजशास्त्र आणि भूगोल अशा सगळ्या शाखांतली मुलंमुली या तासाला एकत्र बसतात, कारण जागतिकीकरण कुठल्याही एका विषयात मावत नाही. वर्गात, व्हरांड्यात आणि रात्री उशिरा व्हॉट्सॲपवर जे प्रश्न दरवर्षी नव्याने येतात ते इथे एकत्र केले आहेत. सगळी उत्तरं सारख्या लांबीची नाहीत. जिथे थांबून विचार करायला हवा असं वाटलं तिथे मी थांबले आहे.

जागतिकीकरणाची व्याख्या एका वाक्यात सांगाल का?

दूरच्या निर्णयांनी आणि घटनांनी इथलं जगणं बदलतं, इथल्या गोष्टींनी तिथलं बदलतं, आणि ही देवघेव वाढत, वेगवान होत, एकमेकांत गुंतत जाते, त्या प्रक्रियेला जागतिकीकरण म्हणतात. परीक्षेसाठी एवढं पुरेल. मात्र ‘प्रक्रिया’ हा शब्द गाळू नका. ती कधी जोरात चालते, कधी मंदावते, कधी उलटीही फिरते.

दुसरं एक लक्षात ठेवा. माल, पैसा, माणसं, कल्पना आणि रोगजंतू हे सगळे जग फिरतात, पण त्यांचा वेग सारखा नसतो. पैसा क्षणात पोचतो, कंटेनरला काही आठवडे लागतात आणि माणसाला व्हिसा मिळाला तरच जाता येतं. कोणाला मोकळं सोडलं आहे आणि कोणाला दारात अडवलं आहे, इथून अभ्यास सुरू केलात तर पुढचं बरंच सोपं होतं.

‘जागतिकीकरण’, ‘वैश्वीकरण’ आणि ‘खाउजा’ एकच का?

पहिले दोन शब्द एकाच अर्थाचे. ‘वैश्वीकरण’ हा हिंदीत जास्त रुळलेला, तिथून आपल्याकडे आला.

‘खाउजा’ म्हणजे खासगीकरण, उदारीकरण, जागतिकीकरण. आपल्याकडे ही तिन्ही धोरणं एकदमच आल्यामुळे शब्द जोडून पडला आणि मुलांना ती एकच गोष्ट वाटू लागली. सिमेंटवरचं सरकारी नियंत्रण १९८९ मध्ये पूर्ण उठलं. ते उदारीकरण होतं आणि निर्णय देशापुरता होता. २००२ मध्ये विदेश संचार निगम या सरकारी कंपनीचा ताबा टाटा समूहाकडे गेला. ते खासगीकरण, पण घेणारा भारतीयच. परकीय माल, भांडवल किंवा नियम आत येतात, किंवा आपले बाहेर जातात, तेव्हा जागतिकीकरणाचा प्रश्न उभा राहतो. उत्तरपत्रिकेत हे तीन धागे वेगळे करून दाखवलेत तर परीक्षकाला लगेच कळतं की मुलाने पाठांतर केलेलं नाही.

जागतिकीकरण १९९१ मध्ये सुरू झालं असं लिहिलं तर चुकेल का?

‘भारताने १९९१ मध्ये मोठं वळण घेतलं’ असं लिहा, ते बरोबर आहे. त्या उन्हाळ्यात देशाकडचं परकीय चलन जेमतेम काही आठवड्यांच्या आयातीला पुरेल इतकंच उरलं होतं. रिझर्व्ह बँकेने सुमारे ४७ टन सोनं बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपानकडे तारण ठेवलं. घरातलं सोनं गहाण ठेवायची वेळ आपल्याकडे कधी येते, हे वर्गातल्या प्रत्येकाला ठाऊक असतं, म्हणून ही गोष्ट सांगताना मला फार समजवावं लागत नाही. १ आणि ३ जुलैला रुपयाचं अवमूल्यन झालं. २४ जुलैला नरसिंह राव सरकारचं नवं औद्योगिक धोरण आणि मनमोहन सिंग यांचा अर्थसंकल्प एकाच दिवशी आला.

पण सुरुवात तिथे नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या एका ग्रीक भाषेतल्या व्यापारी मार्गदर्शिकेत पैठण आणि तगर, म्हणजे धाराशिव जिल्ह्यातलं आजचं तेर, या गावांची नावं आहेत. तिथून माल गाड्यांनी भडोचला जाई आणि पुढे जहाजाने पश्चिमेकडे. इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेत गाडल्या गेलेल्या पॉम्पे शहरात हस्तिदंताची एक भारतीय स्त्रीमूर्ती सापडली. तेर आणि भोकरदनला मिळालेल्या मूर्तींशी तिचं जवळचं साम्य आहे.

मग याला जागतिकीकरण म्हणायचं का? इथे अभ्यासकांचे दोन तट पडतात. एक गट म्हणतो, व्यापार होता म्हणजे जोडणी होती. दुसरा विचारतो की रोममधल्या घडामोडींनी पैठणच्या शेतकऱ्याच्या ज्वारीचा भाव हलत होता का? नसेल, तर ती चैनीच्या वस्तूंची देवघेव होती. मला दुसरी कसोटी जास्त कामाची वाटते. त्या कसोटीवर खरा बदल एकोणिसाव्या शतकात दिसतो. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे रेल्वे सुरू झाली, १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला, १८७० मध्ये समुद्राखालच्या तारेने मुंबई लंडनशी जोडली गेली. दोन खंडांतले साध्यासुध्या मालाचे भाव एकमेकांबरोबर हलू लागले.

आमच्या तालुक्याचा या सगळ्याशी काय संबंध?

एकादशीला घरी साबुदाण्याची खिचडी होते ना? साबुदाणा ज्या कसावाच्या कंदापासून बनतो तो मूळचा दक्षिण अमेरिकेतला. शेंगदाणाही तिकडचाच, बटाटा अँडीज पर्वतातला आणि मिरचीही अमेरिका खंडातली. कोलंबसाच्या आधी यातलं काहीही आपल्याकडे नव्हतं. यातलं बरंचसं पोर्तुगीजांच्या जहाजांतून आलं. १५१० मध्ये त्यांनी गोवा घेतला आणि त्यांच्याबरोबर पिकं आली, शब्दही आले: बटाटा, काजू, अननस, पाव. उपवासाच्या त्या ताटात आपलं जुनं म्हणता येईल असं मुख्यतः तूपच उरतं.

हे मी श्रद्धेला धक्का देण्यासाठी सांगत नाही. परक्या पिकांना आपल्या आज्यांनी इतकं आपलंसं केलं की ती सोवळ्यातही चालू लागली, ही मला फार मोठी गोष्ट वाटते. बाहेरून आलेली वस्तू समाज आपल्या पद्धतीने वापरतो, तिला नवा अर्थ देतो. ‘जागतिकीकरणामुळे सगळं एकसारखं होतं’ हे वाक्य लिहिण्याआधी खिचडी आठवा.

तुम्ही नेहमी कापसाचंच उदाहरण का देता?

कारण त्यात सगळं आहे, आणि ते आपल्या घरातलं आहे.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. तोवर इंग्लंडमधल्या गिरण्यांना लागणारा सुमारे तीन चतुर्थांश कापूस अमेरिकेतून येई आणि तो तिथले गुलाम पिकवत. युद्धात उत्तरेकडच्या राज्यांच्या आरमाराने कापूस पिकवणाऱ्या दक्षिणेकडच्या राज्यांची बंदरं रोखली. १८६१ मध्ये २० लाखांहून अधिक गाठी ब्रिटनला गेल्या होत्या, १८६२ मध्ये जेमतेम ५५ हजार. लँकेशायरच्या गिरण्या थंडावल्या, कामगारांची उपासमार झाली आणि व्यापाऱ्यांचे डोळे आपल्याकडे वळले. आपला कापूस आखूड धाग्याचा. तिकडचे कामगार त्याला ‘सुरत’ म्हणत आणि त्यावर काम करायला नाखूश असत. पण दुसरा इलाज नव्हता.

भाव चढले. मुंबईत पैशाचा पूर आला. प्रेमचंद रायचंद यांच्यासारख्या दलालांभोवती शेअरबाजाराचं वेड उसळलं, समुद्र हटवून जमीन करण्याच्या कंपन्या निघाल्या. वऱ्हाडात खामगाव आणि अमरावतीच्या बाजारपेठा फुलल्या. रेल्वे १८६७ मध्ये नागपूरला पोचली आणि १८७० मध्ये खामगावला फाटा निघाला. त्या काळात रूळ कुठे गेले ते नकाशावर पाहा. गावं एकमेकांना जोडण्यापेक्षा कापूस बंदराला जोडण्याची घाई त्यात दिसते.

गावात सावकार हात सैल सोडून कर्ज देऊ लागले, कारण कापसावर वसुली नक्की होती. मग एप्रिल १८६५ मध्ये तिकडे दक्षिणेचा पाडाव झाला. भाव कोसळले. त्याच जुलैमध्ये मुंबईचा शेअरबाजार बसला, पुढे बँक ऑफ बॉम्बेही बुडाली. सावकारांनी हात आखडता घेतला. त्याच सुमारास पुणे जिल्ह्यात शेतसाऱ्याची फेरआकारणी झाली आणि सारा एकदम वाढला. ज्याने चढ्या भावाच्या भरवशावर कर्ज काढलं होतं, त्याच्या दारात आता सरकार आणि सावकार दोघेही उभे.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे इथे शेतकरी सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. त्यांना हव्या होत्या त्या वह्या आणि कर्जरोखे. ते त्यांनी जाळले. पाहता पाहता पुणे आणि नगर जिल्ह्यांत हे लोण पसरलं. हेच दख्खनचे दंगे. त्यातून १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा आला.

शाळेत आपण हा धडा ‘सावकारांचा जुलूम’ या मथळ्याखाली वाचतो. जुलूम खराच होता. पण सुप्याच्या बाजारात जळणाऱ्या कागदामागे गुलामगिरीवरून पेटलेलं एक परदेशी युद्धही होतं, हे त्या धड्यात येत नाही. इथे एक सावधगिरी बाळगा. दंग्यांमागे सारावाढ किती, कर्जव्यवहार किती आणि कापसाची तेजीमंदी किती, यावर इतिहासकारांत वाद आहे. सुपं काही वऱ्हाडासारखा कापसाचा मुलूख नव्हता. त्यामुळे ‘अमेरिकन युद्धामुळे दंगे झाले’ असं सरळ लिहू नका. धक्का गावापर्यंत कोणत्या कड्यांमधून पोचला ती साखळी लिहा: भाव, पत, सारा, वसुली. जागतिकीकरणाच्या अभ्यासात हीच साखळी शोधायची असते.

पण हा सगळा इतिहास झाला. आज कापूस कुठे जातो?

दीडशे वर्षं पुढे या. शेतातून निघतो तो कापूस. जिनिंगमध्ये त्याची सरकी वेगळी होते आणि रुई उरते. रुईच्या गाठी बांधतात, सूतगिरणीत सूत होतं. भारतातली रुई आणि सूत मोठ्या प्रमाणात बांगलादेशातही जातं आणि तिथे शिवलेले कपडे युरोप-अमेरिकेच्या दुकानांत टांगले जातात. २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळच्या सावर इथे राणा प्लाझा ही इमारत कोसळली आणि १,१०० हून अधिक माणसं दगावली. त्यातल्या बहुतेक कपडे शिवणाऱ्या मुली आणि बायका होत्या. भेगा आदल्या दिवशीच दिसल्या होत्या, तरी त्यांना कामावर बोलावलं गेलं. ऑर्डर वेळेत द्यायची होती.

शर्टाच्या किमतीत वेचणीवालीचा वाटा किती, शिवणारीचा किती, ब्रँडचा किती, हे विचारलं की ‘पुरवठा साखळी’ हा कोरडा शब्द जिवंत होतो. आमच्या वर्गातल्या काही मुलींनी सुट्टीत स्वतः कापूस वेचलेला असतो. त्या तासाला त्या माझ्यापेक्षा चांगलं बोलतात.

कल्पनाही आयात-निर्यात होतात का?

हो, आणि हा या विषयातला मला सर्वात प्रिय भाग आहे. ज्या युद्धाने वऱ्हाडात कापसाची तेजी आणली, त्याच युद्धाने अमेरिकेतली गुलामगिरी संपवली. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केलं आणि ते गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केलं. व्यापाऱ्याने त्या युद्धातून भाव वाचला आणि फुल्यांनी मुक्ती वाचली. बातमी एकच, वाचणारे वेगळे.

धागा तिथे थांबत नाही. डॉ. आंबेडकर १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. पुढे १९४६ मध्ये त्यांनी कृष्णवर्णीय विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहून, अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागवली. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तिचं नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून घेतलेलं. जागतिकीकरण म्हटलं की पिझ्झा आणि मॉल आठवतात. सोसणारी माणसं एकमेकांना ओळखतात, एकमेकांचे शब्द घेतात, हेही तेवढंच जागतिकीकरण आहे.

नाणेनिधी, जागतिक बँक आणि जागतिक व्यापार संघटना यांत नेहमी गोंधळ होतो.

पहिल्या दोन संस्था १९४४ च्या ब्रेटन वूड्स परिषदेतून निघाल्या. देशाला परकीय देणी भागवता येईनाशी झाली की नाणेनिधी कर्ज देतो आणि अटी घालतो. १९९१ मध्ये आपण त्याच्याच दारी गेलो होतो. जागतिक बँक धरणं, रस्ते, शाळा अशा लांब पल्ल्याच्या कामांना पैसा देते. व्यापार संघटना पैसा देतच नाही. ती व्यापाराचे नियम सांभाळते आणि भांडणं सोडवते. १ जानेवारी १९९५ ला ती सुरू झाली. त्याआधी व्यापार आणि आयातशुल्काविषयीचा गॅट करार होता. चीन डिसेंबर २००१ मध्ये तिचा सदस्य झाला.

तिचं कामकाज समजायला पुन्हा कापूसच घ्या. अमेरिका आपल्या कापूस उत्पादकांना देते त्या अनुदानामुळे जगात भाव पडतात, अशी तक्रार ब्राझीलने २००२ मध्ये केली. २००५ मध्ये अपिलातही ब्राझील जिंकला. तरी प्रकरण मिटायला २०१४ उजाडलं, आणि तेही अमेरिकेने ब्राझीलला ३० कोटी डॉलर देऊन. बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली या गरीब कापूस उत्पादक देशांचंही तेच दुखणं होतं. त्यांना मात्र अशी भरपाई मिळाली नाही. नियम सगळ्यांना सारखा असला तरी तो लढवायला वकील आणि वजन लागतं.

शेवटी जागतिकीकरण चांगलं की वाईट? फायदे-तोटे किती लिहायचे?

पाच फायदे, पाच तोटे असा तक्ता माझ्याकडे आणू नका, ही माझी कळकळीची विनंती. प्रत्येक वाक्यामागे ‘कोणाला?’ आणि ‘कधी?’ लिहा, तक्ता आपोआप मोडेल.

याचं उत्तम उदाहरण आपल्या शेतकरी चळवळीत आहे. गॅटचे प्रमुख आर्थर डंकेल यांचा जागतिक व्यापाराच्या नव्या नियमांचा प्रस्ताव १९९१ च्या अखेरीस आला. कर्नाटकात नंजुंडस्वामींच्या रयत संघाने त्याला कडाडून विरोध केला. बियाण्यांवर परकीय कंपन्यांचा ताबा येईल, असं त्यांचं म्हणणं. शेजारच्या महाराष्ट्रात शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने त्याच प्रस्तावाचं स्वागत केलं. जोशींचा युक्तिवाद असा, की भारत सरकार शेतकऱ्याला अनुदान देत नाही, उलट निर्यातबंदी आणि दडपलेले भाव यांतून त्याच्याकडूनच काढून घेतं. त्याला उणे अनुदान म्हणतात. बाजार खुला झाला तर लुटीचा हा मार्ग बंद होईल. दोघेही शेतकऱ्यांसाठीच रस्त्यावर उतरले होते. एकाला धोका परकीय कंपनीत दिसला, दुसऱ्याला दिल्लीत.

मला विचाराल तर दोघांचंही अर्धं खरं ठरलं. निर्यातबंदीचा फटका आजही बसतो आणि बियाण्यांचा खर्चही वाढला. माझं मत पटवून घ्यायची सक्ती नाही. तुमचं मत वेगळं असेल तर पुरावा आणा, आपण भांडू.

कोणते विचारवंत वाचायलाच हवेत?

पहिल्या वर्षाला चार-पाच नावं पुरेत. इमॅन्युएल वॉलरस्टीन यांनी जग गाभा, परीघ आणि अर्धपरीघ असं वाटलं: गाभ्यातले देश श्रीमंत, परिघातले त्यांना कच्चा माल आणि स्वस्त श्रम पुरवणारे, अर्धपरीघ या दोहोंच्या मधला. लँकेशायर आणि वऱ्हाड यांचं नातं त्यातून चटकन समजतं. मुंबईत जन्मलेले अर्जुन अप्पादुराई माणसं, माध्यमं, तंत्रज्ञान, पैसा आणि विचार असे पाच प्रवाह मांडतात आणि ते एकाच दिशेने वाहत नाहीत असं सांगतात. जगदीश भगवती, तेही मुंबईचेच, खुल्या व्यापाराचे ठाम समर्थक. जोसेफ स्टिग्लिट्झ जागतिक बँकेचे प्रमुख अर्थशास्त्रज्ञ होते आणि नाणेनिधीच्या धोरणांवर त्यांनीच कडक टीका केली.

पण सुरुवात आपल्या माणसांपासून करा. भास्कर पांडुरंग तर्खडकरांनी १८४१ मध्येच ‘बॉम्बे गॅझेट’मध्ये पत्रं लिहून इंग्रजी राज्य हिंदुस्थानची संपत्ती कशी ओढून नेतं ते मांडलं होतं. दादाभाई नौरोजींनी पुढे त्याचा सिद्धांत केला. व्यापार कोणाच्या फायद्याचा, हा प्रश्न इथल्या लोकांनी फार आधी विचारलेला आहे.

जागतिकीकरण मोजतात कसं?

सोपा मार्ग असा: आयात आणि निर्यात यांची बेरीज करा, तिला देशाच्या एकूण उत्पन्नाने भागा. भारतासाठी हे प्रमाण १९९० च्या सुमारास १५-१६ टक्के होतं, २०१२ च्या आसपास ते ५५ टक्क्यांवर गेलं आणि नंतर उतरलं. हा आकडा माणसांचं किंवा कल्पनांचं काहीच सांगत नाही, एवढं लिहायला विसरू नका.

स्थलांतराचा अभ्यास यात येतो का?

येतो. मॉरिशस घ्या. ब्रिटिशांनी गुलामगिरी बंद केल्यावर, १८३४ पासून उसाच्या मळ्यांसाठी हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर नेले. १९२० पर्यंत तिथे सुमारे पाच लाख माणसं उतरली. त्यांत मुंबई बंदरातून गेलेले कोकणातले, घाटावरचे मराठी लोकही होते. पोर्ट लुईला ज्या आप्रवासी घाटावर ती उतरली, तो आज जागतिक वारसास्थळ आहे. त्यांचे वंशज अजून मराठी म्हणवतात आणि गणेश चतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुट्टी असते.

आता दुसरी बाजू. भारत आणि मॉरिशस यांच्यात १९८२ मध्ये करविषयक करार झाला. त्यामुळे उदारीकरणानंतर कितीतरी वर्षं परकीय गुंतवणूक त्या छोट्या बेटाच्या पत्त्यावरून भारतात येत राहिली, कारण तिथून आल्यावर कर वाचे. २०१६ मध्ये करार बदलला. एकाच समुद्रमार्गाने एके काळी मजूर तिकडे गेला आणि शंभर-दीडशे वर्षांनी भांडवल इकडे आलं. मजुराला पाच वर्षांचा करार आणि बोटीच्या तळाशी जागा मिळाली होती, भांडवलाला करमाफी. प्रबंधासाठी विषय शोधत असाल तर हा घ्या, मनापासून सांगते.

सरकारांची ताकद संपली आहे का?

नाशिक जिल्ह्यात जाऊन विचारा. ८ डिसेंबर २०२३ ला केंद्राने कांद्याची निर्यात थांबवली आणि लासलगावचे भाव पडले. मे २०२४ मध्ये बंदी उठली, तीही किमान निर्यातमूल्य आणि ४० टक्के शुल्क लावून. सरकार हवं तेव्हा दार लावू शकतं.

त्याच जिल्ह्यातला द्राक्ष बागायतदार वेगळी गोष्ट सांगेल. २०१० च्या हंगामात, बागायतदार ज्याला लिहोसिन म्हणतात त्या वाढनियंत्रकाचे अंश द्राक्षांत सापडल्यामुळे युरोपात कंटेनर अडकले आणि बागायतदार कर्जात गेले. तो नियम दिल्लीने केला नव्हता, मुंबईनेही नाही. आज निर्यातीच्या प्रत्येक बागेची नोंदणी होते, फवारणीच्या नोंदी ठेवल्या जातात, मालाची प्रयोगशाळेत तपासणी होते. युरोपातल्या ग्राहकासाठी केलेला नियम दिंडोरीच्या बांधावर पाळला जातो. तेव्हा उत्तर असं, की सरकारची ताकद काही ठिकाणी शाबूत आहे आणि काही ठिकाणी ती दुसऱ्याच कोणाकडे गेली आहे.

जागतिकीकरण आता संपत चाललंय का?

हा प्रश्न करोनापासून दरवर्षी येतो. मार्च २०२१ मध्ये एक अजस्र मालवाहू जहाज सुएझ कालव्यात सहा दिवस आडवं अडकलं आणि जगभरचा माल खोळंबला. २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले. न्हावाशेवाहून युरोपला निघालेली द्राक्षं आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली. प्रवास लांबला, भाडं वाढलं. १८६९ पूर्वीचा तो जुना रस्ता पुन्हा नकाशावर आला.

आणि कापूस पुन्हा आहेच. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरचं शुल्क ५० टक्क्यांवर नेलं. कापड उद्योगाला दिलासा म्हणून त्याच महिन्यात भारताने कापसावरचं ११ टक्के आयातशुल्क तात्पुरतं काढलं आणि पुढे ही सवलत डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली. विदर्भातली वेचणी ऑक्टोबरनंतर सुरू होते. म्हणजे इथला माल बाजारात यायच्या वेळेला बाहेरच्या स्वस्त मालाला दार उघडं होतं. वॉशिंग्टनचा निर्णय, दिल्लीचं उत्तर, यवतमाळचा भाव. संपण्याची ही लक्षणं मला दिसत नाहीत. अटी बदलत आहेत, एवढं मात्र नक्की.

इंग्रजी कच्चं आहे. हा विषय झेपेल का?

झेपेल. आकडे इंग्रजी संकेतस्थळांवर असतात, पण तक्ता वाचायला फार इंग्रजी लागत नाही. जुन्या जिल्हा गॅझेटियरांत तुमच्या तालुक्याचा व्यापार, रेल्वे, बाजार सगळं आहे. मराठी विश्वकोशातल्या नोंदी वाचा. आणि तुमच्या आजोबांना १९७२ ची कापूस एकाधिकार खरेदी, म्हणजे सगळा कापूस राज्य सरकारच विकत घेई ती योजना, कशी चालायची ते विचारा. इंग्रजी उत्तम असलेल्या शहरातल्या मुलाकडे हे आजोबा नसतात.

प्रकल्पासाठी नेमकं काय करायचं?

हातात धरता येईल अशी एकच वस्तू निवडा आणि तिच्या मागे जा. ‘जागतिकीकरणाचा ग्रामीण भागावर परिणाम’ असले विषय मी परत पाठवते. हळद, बेदाणा, सोयाबीन, काजूगर, सूत, मोबाइलचं कव्हर, काहीही चालेल.

कापूस घेतलात तर बाजार समितीत सकाळी लवकर जा. आधी हमालांशी बोला, मग अडत्याशी, ग्रेडरशी, शेवटी जिनिंगच्या मालकाशी. उलट क्रमाने गेलात तर खालची माणसं मोकळेपणाने बोलत नाहीत. आजचा भाव कोणी ठरवला ते प्रत्येकाला वेगवेगळं विचारा आणि उत्तरं जशीच्या तशी लिहून घ्या. सरकीचा भाव विचारा, रुईच्या खंडीचा विचारा, न्यूयॉर्कचा वायदा, म्हणजे पुढच्या तारखेच्या मालाचा आजच ठरलेला भाव, कोण पाहतं आणि कोणाच्या मोबाइलवर, तेही विचारा. वजनकाट्याजवळ थोडा वेळ उभे राहा. वही शर्टाच्या खिशात मावेल एवढी छोटी ठेवा, आणि घरी पोचल्यावर त्याच रात्री सगळं पुन्हा नीट उतरवून काढा.